आयनांबरावरची सुरकुती

२६ मे २०१६, गुरुवार. दुपारचे बारा वाजायला थोडा अवकाश असताना डोंबिवली पूर्वेच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. १२ जणांचा जीव गेला, २०० हून अधिक माणसं जखमी झाली. आसपासच्या वस्त्यांमध्ये पायाखालची फरशी हादरली आणि भूकंप झाला असंच पहिल्या क्षणी अनेकांना वाटलं. पाठोपाठ खिडक्यांच्या काचांचा सडा पडला.

त्या काही सेकंदांत डोंबिवलीकरांनी दोन वेगळ्या लाटा अनुभवल्या. जमिनीतून जाणारी लाट सेकंदाला काही किलोमीटर धावते, हवेतून जाणारी साधारण ३५० मीटर. स्फोटापासून २ किलोमीटरवरच्या घरात जमिनीचा हादरा सेकंदाभरात पोचतो, पण काचेवर आदळणारा हवेचा तडाखा यायला पाच-सहा सेकंद लागतात. फरशी आधी हलते आणि काच नंतर फुटते, ती यामुळे.

हवेतली लाट जशी आडवी पसरते तशी वरही जाते. वर तिला अडवायला इमारत नसते, डोंगर नसतो. ती किती उंच जाते याचा एक दाखला डोंबिवलीच्या आधी ४२ वर्षं इंग्लंडमधल्या तशाच दुर्घटनेतून मिळाला होता. १ जून १९७४ रोजी फ्लिक्सबरो गावाजवळ नायलॉनचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन २८ जण मृत्युमुखी पडले. टी. बी. जोन्स आणि सी. टी. स्प्रॅक्लेन हे संशोधक तेव्हा रेडिओलहरींनी वरच्या आकाशाची नाडी पाहत होते. त्यांच्या नोंदींत स्फोटानंतर काही मिनिटांनी वातावरणाचा विद्युतभारित थर हिंदकळलेला दिसला. जमिनीवरचा कारखाना फुटला आणि त्याची खूण शंभर किलोमीटरच्याही वर उमटली.

जमिनीवर घडलेली गोष्ट आकाशात वाचण्याच्या तंत्राची ही कुळकथा. या कुळाचं एक जुनं घर कुलाब्याला आहे, दुसरं अलिबागला आणि आजचं नव्या पनवेलला. डोंबिवलीहून दिवा गाठून पनवेलची गाडी पकडली की तिथे पोचता येतं.

आधी नावाकडे पाहू. या थराला मराठीत आयनांबर म्हणतात. शाळेच्या भूगोलात तपांबर, स्थितांबर, मध्यांबर अशी पायऱ्यांची ओळ पाठ करून घेतात, तिच्यातलीच ही वरची पायरी. ‘आयन’ हा शब्द मायकेल फॅराडे यांनी १८३४ साली विल्यम ह्युएल या विद्वानाच्या सल्ल्याने घेतला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारा’. द्रावणातून विजेच्या ध्रुवाकडे जाणारा कण म्हणून आयन. संस्कृतातल्या ‘इ’ म्हणजे जाणे या धातूचं आणि त्या ग्रीक क्रियापदाचं मूळ एकच आहे. सूर्याचं उत्तरेकडे जाणं ते उत्तरायण, दक्षिणेकडे जाणं ते दक्षिणायन. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला आयन आणि पंचांगातलं अयन ही एकाच घराण्यातली, फार पूर्वी पांगलेली भावंडं.

‘अंबर’ शब्दाचे अर्थ दोन, आकाश आणि वस्त्र. पीतांबरात वस्त्र आहे, निळ्या अंबरात आकाश आहे. आयनांबराला दोन्ही अर्थ शोभतात. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेच्या कणांमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सुमारे ६० किलोमीटरपासून पुढे काहीशे किलोमीटरपर्यंत विद्युतभारित कणांचं एक विरळ वस्त्र पृथ्वीभोवती विणलं जातं. दिवसा ते दाट होतं, रात्री विरतं. अडीचशे ते चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात त्याची वीण सगळ्यात घट्ट असते. खालून कुणी झटका दिला की या वस्त्रावर सुरकुती उठते.

इंग्रजीत या थराला ‘आयनोस्फिअर’ हे नाव रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी १९२६ साली सुचवलं. पण नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची चाहूल लागत होती, आणि ती ज्या मोजक्या ठिकाणी काटेकोरपणे टिपली जात होती त्यांत मुंबईचं कुलाबा होतं.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती वेळ आणि ग्रहतारे पाहण्यासाठी. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. पुढे टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम करत होते. काम असं, की टांगलेली चुंबकसुई किती सरकली ते पाहायचं आणि लिहायचं. तास बदलला की पुन्हा पाहायचं आणि पुन्हा लिहायचं. सण असो की पावसाची झोड, नोंद चुकवायची नाही.

या कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. सुई रोज सूर्याच्या वेळापत्रकाप्रमाणे थोडी हलते. पृथ्वीचं चुंबकत्व तर तिच्या पोटातून येतं, मग त्यात सूर्याचा दिनक्रम कुठून आला? १८८२ साली बॅल्फोर स्टुअर्ट या भौतिकशास्त्रज्ञाने उत्तर सुचवलं: वातावरणाच्या वरच्या भागात विजेचे प्रवाह वाहत असले पाहिजेत, आणि ते सुईला डोलवत असले पाहिजेत. आयनांबराचा हा पहिला धड पुरावा. रेडिओ यायचा होता, विमानही यायचं होतं. तरीही जमिनीवरच्या एका खोलीत टांगलेल्या सुईने शंभर किलोमीटर वरच्या विजेची खबर दिली होती.

१८९६ साली नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस कुलाब्याचे संचालक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्या काळात, १८९८-९९ च्या सुमाराला, वेधशाळेत जॉन मिल्न यांच्या बनावटीचा भूकंपमापक बसला. आता एकाच आवारात जमिनीचं ऐकणारं यंत्र होतं आणि आकाशाचं ऐकणारंही. मात्र दोघांचं नातं कुणाच्या मनात आलेलं नव्हतं. भूकंपाच्या धक्क्याने चुंबकसुई नुसती डोलली तर ती नोंद खोटी धरून बाजूला काढावी लागे. सुईला हवं होतं चुंबकत्व, भूकंप म्हणजे तिच्या कामातला व्यत्यय.

मूस यांच्यापुढे त्याहून मोठा व्यत्यय उभा राहिला तो विजेच्या ट्रामचा. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार हे ठरताच कुलाब्याची सुई निकामी होणार हे त्यांनी ओळखलं, कारण ट्रामच्या विजेचं चुंबकत्व पृथ्वीच्या नाजूक हेलकाव्यांना गिळून टाकतं. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. बांधकामाला लोखंड कटाक्षाने टाळून पोरबंदरी दगड वापरला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी माळ तुटू नये आणि नवा मणी तिच्यात नीट ओवला जावा. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुई समुद्रापार सुखरूप होती. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे मूस यांनी १९१० साली छापलेले खंड आजही जगभर उघडले जातात.

रेडिओ आला आणि सुईने दिलेली खबर पक्की झाली. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनींचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला. सरळ रेषेत जाणारी लहर पृथ्वीच्या गोलाईला वळसा कशी घालते, हे कोडं होतं. वर कुठेतरी विजेचा आरसा असला पाहिजे, असं १९०२ साली केनेली आणि हेविसाइड यांनी वेगवेगळं मांडलं. ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री एडवर्ड ॲपलटन यांनी बीबीसीच्या एका प्रक्षेपकाच्या मदतीने त्या आरशाची उंची मोजून दाखवली. त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं.

भूकंपाची गाठ या आरशाशी पडली ती २७ मार्च १९६४ रोजी. त्या दिवशी अलास्काला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, केनेथ डेव्हिस आणि डोनाल्ड बेकर यांची रेडिओयंत्रं चालू होती. यंत्राची रीत डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही कळेल अशी आहे. न थांबणारी जलद लोकल भोंगा देत येते तेव्हा सूर चढा वाटतो, पुढे निघून जाताच तो उतरतो. वर पाठवलेली रेडिओलहर आयनांबरावरून परत येताना तो थर खाली येत असेल तर तिचा सूर चढतो, वर जात असेल तर उतरतो. अलास्काच्या भूकंपानंतर हा सूर असा काही खालीवर झाला की आयनांबर हेलकावे खातंय यात शंका उरली नाही. रेडिओच्या अभ्यासकांना जो अडथळा वाटला असता, तो भूकंपशास्त्रासाठी नवा कान ठरला. तंत्राचा जन्म झाला तो इथे.

पण जमीन हलली की तीनशे किलोमीटरवर हेलकावा कसा पोचतो?

भूकंपात जमीन वरखाली होते तेव्हा ती तिच्यावरच्या हवेला ढकलते, ढोलाचं कातडं हवेला ढकलतं तसं. फरक एवढाच की हा ढोल शेकडो किलोमीटर रुंद असतो आणि त्याचा ठोका फार संथ असतो. दहा सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंत एक हेलकावा. माणसाच्या कानाला असा आवाज ऐकू येत नाही, पण तो आवाजच असतो. तो वर निघतो. वर हवा विरळ होत जाते. लाटेतली ऊर्जा तेवढीच, पण हलवायला हवा कमी, म्हणून प्रत्येक कणाच्या वाट्याला जास्त हेलकावा येतो.

पोतराजाचा आसूड पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. मुठीकडे तो जाड असतो, टोकाकडे निमुळता होत जातो. मनगटाला दिलेला छोटासा हिसका पुढे सरकताना वाढत जातो आणि टोकाशी कडाडतो. वातावरण हा असाच उभा आसूड आहे. मूठ जमिनीवर आणि शेपूट आयनांबरात. जमिनीवर मिलिमीटरांत मोजावी लागणारी हालचाल वर पोचेपर्यंत दहा हजार ते लाखपट होऊ शकते. या प्रवासाला लागतात आठ-दहा मिनिटं. वाटेत बारीक, जलद कंपनं विरळ हवेत विरून जातात, संथ तेवढी वर टिकतात.

वर पोचल्यावर साधे हवेचे कण आयनांना धक्के देतात, पण आयनांना हवं तिकडे जाता येत नाही. त्यांच्यावर पृथ्वीच्या चुंबकीय रेषांचा अंमल असतो. ते रेषेच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकायला कचरतात. म्हणून उत्तर गोलार्धात भूकंपकेंद्राच्या दक्षिणेकडे सुरकुती ठळक दिसते आणि उत्तरेकडे पुसट. भूकंपशास्त्राच्या या शाखेला भूचुंबकत्वाचा अभ्यासक लागतो तो यासाठी. कुलाबा-अलिबागची परंपरा इथे पुन्हा कामाला आली.

रेडिओच्या सुरावरून मिळणारी नोंद मात्र मोजक्या जागांपुरती असे. हे तंत्र घरोघर पोचलं ते जीपीएसमुळे, आणि तेही चुकीच्या रूपाने.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे संदेश जमिनीवर येताना आयनांबरातून येतात आणि तिथे थोडे रेंगाळतात. जितके सुटे इलेक्ट्रॉन जास्त तितका उशीर जास्त. या गर्दीचं एक माप आहे: एक चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक एकक. एका एककामागे अंतरात सुमारे १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्य तापलेला असताना मुंबईच्या दुपारच्या आकाशात अशी पन्नास एककं सहज भरतात. म्हणजे चूक आठ मीटरची झाली.

ती ओळखायची कशी? सकाळच्या गर्दीत एकाच लोकलमधून दोन जण उतरले, एक मोकळ्या हाताचा आणि एक डोक्यावर बोचकं घेतलेला. दोघंही डोंबिवलीच्या पुलावरून बाहेर निघाले. पूल रिकामा असेल तर दोघं जवळजवळ एकत्र बाहेर पडतील. गर्दी असेल तर बोचकंवाला मागे पडेल. दोघांमधल्या वेळेच्या फरकावरून पुलावर न जाताही गर्दीचा अंदाज येतो. जीपीएसचा उपग्रह असेच दोन संदेश एकदम पाठवतो, एक १५७५.४२ मेगाहर्ट्झचा आणि दुसरा १२२७.६० मेगाहर्ट्झचा. कमी कंप्रतेचा संदेश आयनांबरात जास्त रेंगाळतो. फरक मोजा, इलेक्ट्रॉनांची संख्या हाती येते, आणि तेवढी चूक वजा करता येते.

सर्वेक्षक ती वजा करून फेकून देत. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज इथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. एरिक कॅले आणि बर्नार्ड मिन्स्टर यांनी त्या दिवशीची फेकून द्यायची चूक जपून पाहिली. भूकंपानंतर काही मिनिटांनी तिच्यात बारीक लाट होती. १९९५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या दिवसापासून जमीन मोजण्यासाठी रोवलेलं प्रत्येक जीपीएस केंद्र आकाशाकडे पाहणारी दुर्बीणही झालं. जपानने आपल्या बेटांवर अशी हजाराहून जास्त केंद्रं दाट पेरली. ११ मार्च २०११ च्या ९.० तीव्रतेच्या भूकंपात, तळ्यात दगड टाकल्यावर उठावीत तशी आयनांबरावरची वर्तुळं त्या जाळ्याने टिपली.

भारताला या तंत्राची खरी निकड वाटली २६ डिसेंबर २००४ नंतर. सुमात्राजवळचा भूकंप, पाठोपाठ त्सुनामी, आणि तमिळनाडूपासून अंदमान-निकोबारपर्यंत मृत्यूचं थैमान. कुलाबा-अलिबागच्या परंपरेतून १९७१ साली स्वायत्त झालेल्या आणि आज नव्या पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत या विषयावर सातत्याने काम होत आलं आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. संस्थेचे सी. डी. रेड्डी आणि गोपी सीमला यांनी जीपीएसच्या नोंदींतून आयनांबरावरच्या दोन वेगळ्या लहरी सुट्या करून दाखवल्या. एक लहर केंद्रावरून थेट वर आलेल्या आवाजाची, सेकंदाला किलोमीटरभराच्या आसपास पसरणारी. दुसरी जमिनीच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या रॅले लाटेची सावली. ही लाट सेकंदाला तीन-चार किलोमीटर जाते आणि जाता जाता वरच्या हवेला ठोकत जाते. म्हणजे आकाशातल्या नोंदीवरून जमिनीतली लाट कुठल्या भागात किती वेगाने गेली, हे काढता आलं. जीपीएसच्या नोंदींतून इलेक्ट्रॉनांची मोजदाद करण्यासाठी सीमला यांनी लिहिलेला संगणकीय कार्यक्रम जगभरचे संशोधक वापरतात. याच संस्थेच्या माला बगिया यांनी चुंबकीय रेषा आणि उपग्रहाची दिशा यांमुळे सुरकुती कमीजास्त कशी दिसते, याचा हिशेब मांडला. त्याशिवाय आकाशातल्या खुणेवरून जमिनीची हालचाल ताडता येत नाही.

स्फोटांच्या बाबतीतही भारतीय संशोधक मागे नाहीत. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला, तेव्हा राउरकेलाच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचे भास्कर कुंडू आणि सहकाऱ्यांनी जपानच्या कोसुके हेकी यांच्याबरोबर आयनांबरावरची त्याची लाट शोधून स्फोटाच्या ऊर्जेचा अंदाज बांधला. फ्लिक्सबरोला जे रेडिओच्या सुरात दिसलं होतं, ते आता उपग्रहांच्या संदेशात दिसलं.

या तंत्राची मर्यादाही सांगायला हवी. साडेसहाच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचा भूकंप असेल तरच आयनांबरावर ओळखू येणारी खूण उमटते, आणि जमीन आडवी सरकण्याऐवजी वरखाली झाली तर ती जास्त ठळक असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप, ज्याने मुंबईलाही जाग आणली, तो या उंबरठ्यावरचा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या गावांना रात्ररात्र बाहेर काढणारे छोटे धक्के त्याच्या कितीतरी खालचे. त्यांच्यासाठी जमिनीतला भूकंपमापकच उपयोगाचा.

मोठा उपयोग आहे तो समुद्राच्या बाबतीत. खोल समुद्रात त्सुनामीची उंची जेमतेम काही सेंटिमीटर ते अर्धा-पाऊण मीटर असते, पण ती शेकडो किलोमीटर लांब असते. तिच्यावरची हवा तिच्याबरोबर संथपणे खालीवर होते आणि तो हेलकावाही वर चढतो. २०११ च्या त्सुनामीच्या वेळी हवाईच्या माउई बेटावरच्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशातला अडीचशे किलोमीटर उंचीवरचा मंद लाल उजेड टिपला, तेव्हा त्यात पट्टे दिसले. लाट बेटाला लागण्याच्या सुमारे तासभर आधी तिचं प्रतिबिंब आकाशात पोचलं होतं. जुलै २०२५ च्या अखेरीस कामचाट्काला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नासाच्या ‘गार्डियन’ या प्रणालीने उपग्रहसंदेशांतून आयनांबरातला बदल सुमारे वीस मिनिटांत हेरला.

कोकणच्या किनाऱ्याला त्सुनामी परकी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि त्सुनामी सकाळी सव्वाआठच्या सुमाराला मुंबईला लागली. लाट दोनेक मीटर उंच होती आणि माणसं वाहून गेली. भूकंप आणि लाट यांच्यामध्ये जवळपास पाच तास होते. आज असं घडलं तर हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राकडे भूकंपमापक आहेत, समुद्रातली यंत्रं आहेत. आयनांबराची नोंद त्यांच्या जोडीला तिसरी साक्षीदार होऊ शकते, आणि पश्चिम किनाऱ्यावर जीपीएस केंद्रांचं जाळं दाट करण्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

प्रत्येक कुळात एक भांडणाची शाखा असते. इथे ती आहे भाकिताची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपाआधी सात दिवसांत आकाशात दिसणारी चिन्हं सांगितली आहेत, म्हणजे जमिनीचा रोग आकाशाच्या चेहऱ्यावर वाचावा ही इच्छा किमान दीड हजार वर्षं जुनी आहे. आजचं तिचं रूप असं: भेगाळणाऱ्या खडकांतून रेडॉन वायू बाहेर पडतो, त्याच्या किरणोत्साराने हवा विद्युतभारित होते आणि तो परिणाम आयनांबरापर्यंत पोचतो. हे तपासण्यासाठी फ्रान्सने २००४ साली ‘डिमीटर’ उपग्रह सोडला. चीनने २०१८ साली सोडलेल्या उपग्रहाला इसवी सन १३२ मध्ये भूकंपदर्शक बनवणाऱ्या झांग हेंग यांचं नाव दिलं. २०११ च्या जपानी भूकंपाआधी सुमारे ४० मिनिटं आयनांबरातले इलेक्ट्रॉन वाढले होते, असं हेकी यांनी मांडलं. भूकंपानंतर इलेक्ट्रॉन घटल्यामुळे आधीची पातळी वाढल्यासारखी भासते, असा आक्षेप मासाशी कामोगावा आणि योशिहिरो काकिनामी यांनी घेतला. वाद चालू आहे.

अडचण साधी आहे. आयनांबर सूर्यामुळे रोजच विस्कटतं. १०-११ मे २०२४ च्या सौरवादळात तर लडाखच्या हानलेहून आकाश लाल दिसलं. दुसरीकडे जगात पाचहून जास्त तीव्रतेचे भूकंप दिवसाला सरासरी चार होतात. मागे वळून पाहिलं तर कुठल्याही भूकंपाआधी आकाशात काही ना काही सापडणारच. ‘आकाशात अमुक दिसलं, तीन दिवसांत मुंबईला भूकंप’ असा संदेश फोनवर आला तर वाचकाने तो पुढे पाठवू नये. कुठे, कधी आणि किती मोठा, या तिन्हींचं उत्तर भूकंपाआधी देणारी पद्धत आज कुणाकडेही नाही. भूकंप झाल्यानंतर आठ-दहा मिनिटांनी आयनांबर डोलतं, हे मात्र अनेक मोठ्या भूकंपांनी पुन्हा पुन्हा सिद्ध केलं आहे.

या कुळातली सगळ्यात धाकटी पिढी खिशात असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गुगलच्या संशोधकांनी सुमारे चार कोटी फोनच्या नोंदी एकत्र करून काढलेला आयनांबराचा नकाशा प्रसिद्ध झाला. एकेका फोनची नोंद ओबडधोबड असते, पण लाखोंची सरासरी काढली की ती स्वच्छ होते. जिथे वेधशाळा नाहीत तिथलं आकाशही त्यात दिसलं. भारतावरच्या आयनांबरात रात्री उठणारे विरळ कणांचे प्रचंड बुडबुडे त्या नकाशात स्पष्ट उमटले होते, आणि ते टिपले होते ते लोकांच्या हातातल्या साध्या फोननी.